जाम झालेला बोल्ट : घाईत काम, खर्चाला आमंत्रण

कोल्हापूर-इचलकरंजी भागात फिरून धंदा करणाऱ्या माणसाचे अर्धे दुकान मोटारसायकलवरच असते. मागे कापडाचे गठ्ठे, पुढे टाकीवर पिशवी आणि आठवड्याचे बाजार ठरलेले. गाडी एक दिवस बंद पडली की एक बाजार बुडाला. म्हणून आपल्यातले पुष्कळजण चेन बदलणे, ब्रेक लायनर घालणे, सायलेन्सर काढणे अशी कामे घरीच करतात. त्यात दोन पैसे वाचतात हे खरे. पण हे वाचलेले पैसे एका क्षणात घालवणारी वस्तू म्हणजे जाम झालेला बोल्ट. बोल्ट स्वतः काही रुपयांचा असतो. तोच इंजिनच्या हेडमध्ये तुटला की हेड उतरवून लेथवाल्याच्या दारात दोन दिवस बसावे लागते.

बोल्ट जाम का होतो, हे आधी समजून घ्यावे. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो पाचरीसारखा घट्ट बसतो. इंजिनमध्ये प्रकार थोडा वेगळा आहे. तिथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगात असतो. दोन वेगळे धातू आणि त्यात ओलावा मिळाला की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी तयार होते आणि ती सिमेंटसारखी धरते. आपल्याकडे पाऊस काही कमी नाही. आंबा घाटातून रत्नागिरीकडे माल नेणाऱ्यांच्या गाड्यांना खारी हवाही लागते. शिवाय महापूर. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पुरात बुडालेल्या गाड्यांचे ऑइल लोकांनी बदलले, प्लग बदलला, गाडी सुरू झाली आणि विषय संपला. पण मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या लांब बोल्टात शिरलेले पाणी तिथेच राहिले. अशा गाडीचा तो बोल्ट वर्षा-दोन वर्षांनी काढायला जा, घणालाही दाद देत नाही.

आता मुख्य गोष्ट. बोल्ट हलत नाही असे दिसताच आपला पहिला विचार काय असतो? पान्याला पाइप लावा. हिशेब मांडून पाहा. दहा नंबरचा पाना लागतो तो सहा मिलिमीटरचा बोल्ट बसवताना जोर किती लागतो? दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचे वजन टांगावे, साधारण एवढाच. तिथे अर्ध्या मीटरचा पाइप लावून वीस किलोचा भार दिला तर जोर दहापट झाला. त्याच्या कितीतरी आधीच बोल्टाची मान तुटते. मागच्या चाकाच्या मोठ्या नटाला पाइप चालेल; इंजिनवरच्या बारीक बोल्टाला कधीही नाही.

पाना लावण्यापूर्वी आटे उलटे तर नाहीत ना, हेही पाहावे. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. जोर लावून आपण तो सोडवत नसतो, आवळत असतो.

काम सुरू करावे ते तारेच्या ब्रशने. गंज व चिखल झाडून काढावा आणि मग तेल सोडावे. बाजारात मिळणारे डब्ल्यूडी-४० हे मुळात १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे पाणी हटवण्यासाठी तयार झाले. चाळिसावा प्रयोग जमला म्हणून नावात चाळीस. हलक्या गंजाला ते पुरते. जास्त धरलेल्या बोल्टाला खास गंज सोडवणारे तेल घ्यावे. ते नसेल तर डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळूनही चालते. रॉकेल आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही. मात्र कोणतेही तेल पाच मिनिटांत काम करत नाही. संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर सोडावे, रात्री पुन्हा सोडावे, सकाळी पाना लावावा. मधल्या वेळात बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने सरळ, बेताचे ठोके द्यावेत. हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. इचलकरंजीत कापड खरेदीला गेलो की यंत्रमागावरचे जुने फिटर हेच करताना दिसतात : आधी टकटक, मग पाना.

पाना सहा कोनांचाच घ्यावा, बारा कोनांचा नको. बोल्टाचे कोपरे गोल होतात ते ढिल्या किंवा बारा कोनी पान्यानेच. पहिला हिसका सोडवण्याकडे न देता किंचित आवळण्याकडे द्यावा. जरा कुरकुरला की उलट फिरवावा, पुन्हा तेल, पुन्हा पुढे-मागे. एकदा सुटला म्हणून सरळ फिरवत सुटू नये. निघालेला गंज पुढच्या आट्यात अडकून बोल्ट पुन्हा धरतो. कव्हरच्या फुलीच्या स्क्रूंना हातोडा मारून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा. ते स्वस्त हत्यार आहे आणि साध्या डिसमिसने खाच घासून ठेवण्यापेक्षा कितीतरी बरे.

एवढ्यानेही भागले नाही तर उष्णता. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून बोल्टाला नव्हे, त्याच्या भोवतालच्या भागाला ताप द्यावा. हॉट एअर गन किंवा उकळते पाणी घरच्या कामाला उत्तम. गॅसची ज्योत वापरायचीच तर आधी पेट्रोलची टाकी आणि कार्बोरेटर उतरवून लांब ठेवावेत, काम उघड्यावर करावे, आणि ज्योत एका जागी धरू नये. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. ६६० अंशांना सरळ वितळते. तापलेल्या नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवली तर मेण आट्यांत ओढले जाते, हा जुन्या मिस्त्रींचा उपाय आजही उपयोगी आहे.

कोपरे गेलेच असतील तर कानसीने एक माप खाली घासून लहान पाना ठोकून बसवावा, किंवा ग्रिप पक्कड वापरावी. पण बोल्ट तुटून आत राहिला तर घरी ड्रिल आणि एक्स्ट्रॅक्टर घेऊन बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक्स्ट्रॅक्टर फार कडक, म्हणून ठिसूळ. तो आत मोडला की साधे ड्रिल त्यावर चालत नाही आणि काम स्पार्क मशीनवाल्याकडे जाते. तुटलेल्या तुकड्याला नट वेल्ड करून काढणे हे उद्यमनगरातल्या कसबी वेल्डरचे काम आहे; वेल्डिंगच्या उष्णतेनेच तो अर्धा सुटतो. पार्ट सुटा करून न्यावा. ते शक्य नसेल तर बॅटरीची तार काढूनच वेल्डिंग करू द्यावे, आणि नव्या इंजेक्शनच्या गाडीचा कंट्रोल युनिटही आधी सोडवून घ्यावा. आटे गेले असतील तर हेलीकॉइल बसवून घ्यावी. बऱ्याच वेळा हेड वाचते.

परत बसवताना आटे साफ करून सायलेन्सरच्या स्टडला कॉपर ग्रीस, इतर बोल्टांना साध्या ग्रीसचा हलका हात द्यावा. ग्रीस लावल्यावर आवळण्याचा जोर थोडा कमी ठेवावा. ब्रेक डिस्कच्या बोल्टांना मात्र ग्रीस लावू नये. त्यांना कंपनी थ्रेडलॉक लावते. तो बोल्ट गरम केल्यावर सुटतो, आणि बसवताना नवा थ्रेडलॉक लावावा लागतो.