वजनाच्या पेठेत हिरा

पनवेलचा इतिहास पनवेलकरांना पाठ आहे. १८५२ ची नगरपालिका, १८४९ चं बेने इस्रायलींचं सिनेगॉग, १८७२ चा धूतपापेश्वरचा कारखाना, शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके, गावातली तळी, आणि नोव्हेंबर १७७८ मध्ये इथल्या बंदरात उतरून वडगावला मार खायला गेलेली इंग्रजांची फौज. हे सगळं पूर्वी याच पानांवर अनेकदा येऊन गेलंय, त्यामुळे त्यावर पुन्हा शाई खर्च करत नाही.

मला काम मिळालं होतं ते सराफ पेठेचं. पुरवणीत हिऱ्यांची पानभर जाहिरात आहे, तेव्हा शेजारी ‘पनवेल आणि हिरे’ असं काहीतरी वाचनीय हवं, अशी मागणी होती. अडचण एवढीच की हिरे घासण्यासाठी पनवेल कधी प्रसिद्ध नव्हतं. इथे हिरा येतो तो सुरतेत पैलू पडून, मुंबईत दागिन्यात बसून आणि मखमली डबीत बंद होऊन. पेठ आहे ती सोन्याची, आणि सोनं इथे नजरेने नाही, काट्यावर पारखलं जातं.

महात्मा गांधी रस्त्यावर लग्नसराईच्या तोंडावर एखाद्या दुकानात तासभर बसा. आगरी, कोळी, कराडी घरांतली माणसं दहा-बारा जणांच्या ताफ्याने येतात. नवरी मुलगी, तिची आई, आत्या, मामी, आणि या सगळ्यांच्या मागे पाकीट सांभाळणारा एक गप्प पुरुष. ट्रे पुढे आला की पहिला प्रश्न नक्षीचा नसतो, “किती भरतंय?” असा असतो. त्यामागे जमिनीची गोष्ट आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, गावंच्या गावं संपादनात गेली. १९८४ च्या जानेवारीत त्याविरुद्धच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी रक्त सांडलं, त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालेला विमानतळही याच तालुक्यातल्या गावांच्या जमिनीवर उभा आहे. शेत गेलं, त्याचे पैसे आले, पैशाचा बराच भाग अंगावर आला. बाहेरचे लोक या दागिन्यांना हसतात. त्यांनी कधी जमीन गमावलेली नसते.

अशाच एका ताफ्यातल्या आजीबाईंना दुकानदाराने हिऱ्याचं पेंडंट दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि परत ठेवलं. “चांगला हाय गो, पन गरज लागली तं याला कोन घेल?” दुकानदार हसला. उत्तर त्यालाही माहीत होतं. सोनं मोडीत घट वजा जाऊन भावाने जातं. हिरा परत घेताना मात्र ज्याच्या-त्याच्या अटी निघतात.

या पेठेच्या आतल्या एका गल्लीत, जुन्या घराच्या ओटीवर बसणाऱ्या कारागिरापाशी मी ठरवलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ रमलो. नाव छापू नका, म्हणाले. “गिऱ्हाईक वाढलं तर काम करणार कोण?” वय सत्तरीच्या पुढचं, डोळ्याला भिंग, पुढ्यात लाखेचा गोळा, कानशी, चिमटे, एक छोटी ऐरण. बागेसरीची शेगडी कोपऱ्यात थंड पडून होती. आता डाग द्यायला गॅसची ज्योत वापरतात. घडणीचं काम त्यांनी सोडलंय. करतात त्या दोनच गोष्टी : नथ गाठवणं आणि जुन्या दागिन्यातले पडलेले खडे बसवणं.

मी गेलो तेव्हा त्यांच्या हातात हिऱ्याची कुडी होती. मध्ये एक आणि भोवती सहा अशी सात खड्यांची, कुणाच्या तरी आजेसासूची, त्यातला एक खडा गळालेला. मला वाटलं, बाजारातून त्या मापाचा हिरा आणायचा आणि बसवायचा. त्यांनी एका कागदाच्या पुडीतून नवा खडा काढला, चिमट्याने त्या रिकाम्या घरात ठेवला आणि कुडी माझ्या हातात दिली. सहा खडे शांत, किंचित पिवळट, नवा सातवा एकटाच लखलखतोय. समईत बल्ब लावावा तसं दिसत होतं. मग त्यांनी खणातून एक पत्र्याची डबी काढली. मोडीत आलेल्या दागिन्यांतून वर्षानुवर्षं वेचून ठेवलेले जुने, हाताने घासलेले बारीक हिरे. त्यांतला एक शोधायला त्यांना बराच वेळ लागला, पण तो बसवल्यावर गळालेला खडा कुठला होता हे मला ओळखता येईना.

हा फरक का पडतो ते त्यांनी ज्या पद्धतीने समजावलं, तसं कुठल्याही शोरूमने मला समजावलेलं नाही. हिरा हिऱ्यानेच घासला जातो. लोखंडी चकतीवर तेल आणि हिऱ्याची भुकटी, आणि त्यावर दाबून धरलेला खडा. प्रत्येक दिशेने तो सारखा कठीण नसतो; मऊ दिशा सापडली तर घासला जातो, नाही तर चकतीच खराब होते. आपल्याकडचे जुने कारागीर खाणीतून आलेल्या खड्याचा मूळ आकार जपायचे. स्वच्छ खडा असला तर नुसता हात फिरवायचा, आत डाग दिसला तर त्यावर बारीक पैलू पाडून तो लपवायचा. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहून गेलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने हे लिहून ठेवलंय. हेतू एकच, वजन कमी होता कामा नये. असा चपटा खडा स्वतःहून फार चमकत नाही, म्हणून मागे चकचकीत पातळ पत्रा घालून त्याला बंद कोंदणात बसवत.

युरोपने उलटा हिशेब केला. वजन गेलं तरी चालेल, उजेड परत आला पाहिजे. १९१९ मध्ये बेल्जियमच्या हिरे घासणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टॉलकॉवस्की या तरुण इंजिनियरने याचं गणितच मांडलं. खालच्या पैलूंचा कल ४०.७५ अंश ठेवला, तर वरून शिरलेला प्रकाश आतल्या आत दोनदा उलटून पुन्हा वरूनच बाहेर पडतो. वर ३३ आणि खाली २४, असे ५७ पैलू. आजचा गोल हिरा थोड्याफार फरकाने याच गणिताचा. आता तर संगणक खड्याचं आतून-बाहेरून चित्र घेतो, कुठून कापला तर किती पैसे होतील ते सांगतो आणि लेझर कापून मोकळा होतो. अशा हिऱ्याला मागे पत्रा नको, कोंदणही नको. चार बारीक नख्यांत उचलून धरला की झालं. कोंदण बसवणारा त्यामुळेच बेकार झाला.

मग त्यांनी नाशिकच्या हिऱ्याची गोष्ट काढली. त्यांच्या वडिलांची आवडती गोष्ट. देवाचा हिरा साहेबाने नेला आणि तो साहेबाला पचला नाही म्हणून झिजत गेला, अशी. पचण्या-न पचण्याचं मी सांगू शकत नाही. झिजल्याचं मात्र खरं आहे. त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानातला सुमारे ९० कॅरेटचा हा हिरा पेशवाई बुडाली तेव्हा, १८१८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागला. तो विकत घेतला इंग्लंडच्या राजघराण्याचे जवाहिरे रुंडेल अँड ब्रिज यांनी. त्यांना आपल्याकडचा घाट पसंत पडला नाही. मूळ आकाराला धरूनच त्यांनी तो पुन्हा घासला आणि ७८ कॅरेटच्या आसपास आणला. १८३७ च्या लिलावात तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने घेतला आणि आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला. १९२७ मध्ये पॅरिसचे मोबुसाँ त्याला अमेरिकेत घेऊन गेले. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पॅरिसमध्ये मिळवला आणि पार नव्या घाटात कापला. उरला ४३.३८ कॅरेट. पाच कॅरेटचा एक ग्रॅम. म्हणजे जुन्या तोळ्याने दीड तोळ्याचा हिरा पाऊण तोळ्यावर आला. जगातली नामांकित घराणी आणि त्यांचं कसब, सगळं मान्य. पण आमच्या या कारागीर काकांचं म्हणणं असं : “आमच्याकडे दीड तोळ्याचा पाऊण तोळा केला, तर गिऱ्हाईक पोलीस घेऊन येईल.”

वडिलांच्या विषयावरून बोलणं १९६३ वर आलं. त्या वर्षी जानेवारीत मोरारजी देसाईंचा सुवर्ण नियंत्रण आदेश निघाला आणि चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी आली. चौदा कॅरेटची अट काही वर्षांत उठली, नियंत्रण मात्र कायद्याच्या रूपाने १९९० पर्यंत राहिलं. देशभर सोनारांच्या चुली विझल्या. काकांच्या वडिलांनी एका गोदामात हिशेबनिसाची नोकरी धरली, ती निवृत्तीपर्यंत. “हात मऊ पडले त्यांचे,” एवढंच ते म्हणाले. काकांनी हे काम शिकावं अशी वडिलांची इच्छा नव्हती, ते चोरून एका शेजाऱ्याकडे शिकले. त्यांचा स्वतःचा मुलगा ऐरोलीत आयटी कंपनीत आहे.

पूर्वी पनवेलच्या ब्राह्मण-प्रभू घरांत हिऱ्याची कुडी किंवा नथ करायची तर लोक गिरगाव गाठत. १९०९ साली सुरू झालेली वामन हरी पेठ्यांची पेढी तिथलीच. घाटावर नातेवाईक असलेल्यांचा ओढा गाडगिळांकडे. त्यांची सांगलीची पेढी १८३२ ची आणि पुण्यातली १९५८ ची. खरेदीत एक दिवस जायचा, जाऊन-येऊन थकवा यायचा. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, १९९८ मध्ये हार्बरची लोकल पनवेलला पोचली, आणि पुढे गिऱ्हाइकाने मुंबईला जाण्याऐवजी मुंबईची दुकानदारीच खाडी ओलांडून इकडे आली. वातानुकूलित दालन, दारात बंदूकधारी, आत चहा. २०२३ च्या एप्रिलपासून नव्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक सक्तीचा झालाय, आणि याबद्दल माझी काही तक्रार नाही. कसोटीच्या दगडावर विश्वास ठेवून फसलेली घरं कमी नाहीत. तक्रार वेगळी आहे. त्या चकचकीत दालनांत तुटलेला दागिना घेऊन गेलात, तर मोड म्हणून घेतो, नवा घ्या, असं सांगतात. दुरुस्ती त्यांच्या हिशेबात बसत नाही. पेठेत वाडे पाडून इमारती उठल्या, तळमजल्याची भाडी कारागिराला परवडेनाशी झाली, आणि गाडी लावायला जागा नसल्यामुळे जुनं गिऱ्हाईकही पेठेत शिरेनासं झालं.

आता प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे आलेत. यंत्रात काही आठवड्यांत तयार होतात, रासायनिकदृष्ट्या खरे हिरेच, आणि किंमत खाणीतल्याच्या तुलनेत फारच कमी. तोळा लाखापार गेल्यापासून पेठेतले तरुण दुकानदार हेच पुढे करतात : कमी सोनं, जास्त चमक. मोडीचं विचारलं की विषय बदलतात. या बाबतीत मी त्या आजीबाईंच्या बाजूने आहे. हौस म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण त्याला ठेव समजू नका, आणि परत घेण्याच्या अटी पावतीवर लिहून घ्या.

घरात जुनी कुडी, तन्मणी किंवा हिऱ्याची नथ असेल, तर ती मोडीत घालण्याआधी एखाद्या जुन्या जाणत्या कारागिराला दाखवा. आमचे काका सकाळी अकरा ते एक ओटीवर असतात. पेठेत ‘नथवाले’ म्हणून विचारलंत तर कोणीही घर दाखवील. मात्र दिवाळीपूर्वी जा. तुळशीचं लग्न लागलं की ते नवीन काम घेत नाहीत.