शाळा मुक्कामाला निघते

मेलबर्न, सप्टेंबर २०२५

इथलं तिसरं शालेय सत्र १९ सप्टेंबरला संपलं. आता दोन आठवडे सुट्टी आणि ६ ऑक्टोबरपासून वर्षातलं शेवटचं सत्र. व्हिक्टोरिया राज्यात शाळेचं वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होतं आणि नाताळच्या तोंडावर संपतं. आमचं उपनगर शहराच्या पश्चिमेला आहे. टार्नीट, ट्रुगनीना, पॉइंट कुक या पट्ट्यात भारतीय कुटुंबांची वस्ती इतकी वाढली आहे की शाळा सुटताना फाटकाशी मराठी, पंजाबी, तेलुगू सगळं कानावर पडतं. या सुट्टीत आम्हा मराठी पालकांचं फोनवर एकाच विषयावर बोलणं चाललंय. पुढच्या सत्रात मुलांचा तीन दिवसांचा कॅम्प आहे. पाठवायचं की नाही?

प्रश्न घरगुती आहे, पण त्याच्या निमित्तानं इथली प्राथमिक शाळा आतून कशी चालते ते नीट सांगता येईल.

आधी वर्गातलं थोडक्यात. पहिलीच्या आधीच्या वर्गाला इथं प्रेप म्हणतात. पाच-सहा वर्षांच्या या मुलांनी शाळेतले शंभर दिवस पूर्ण केले की त्या दिवशी ती शंभर वर्षांचे आजी-आजोबा होऊन येतात. काठी, चष्मा, पिठानं पांढरे केलेले केस. घरून प्रत्येकानं शंभर वस्तू आणायच्या, मग बटणं, मणी, शेवयांचे तुकडे दहा-दहाच्या ढिगांत मांडून मोजायचे. दशक आणि शतक ही मुलं हातानं शिकतात. ऑगस्टमध्ये पुस्तक सप्ताह झाला. ऑस्ट्रेलियाची बालसाहित्य परिषद तो दरवर्षी भरवते आणि जवळपास प्रत्येक शाळेत आवडत्या पुस्तकातल्या पात्राचा वेष घालून मुलांची मिरवणूक निघते. यंदा आमच्या शाळेत एक मराठी मुलगा चिंटू होऊन आला आणि चिंटू कोण हे त्यानं सगळ्या वर्गाला सांगितलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं. शाळेच्या मागच्या बाजूला भाजीचे वाफे आहेत. स्टेफनी अलेक्झांडर या इथल्या नामवंत शेफनं २००१ मध्ये मेलबर्नच्या कॉलिंगवुड भागातल्या एका शाळेत असा परसबाग-स्वयंपाकाचा उपक्रम सुरू केला आणि तो देशभर पसरला. मुलं पालक, बीट, कोथिंबीर लावतात, काढतात, चिरतात, शिजवतात आणि एकत्र बसून खातात. सुरीही त्यांच्याच हातात असते. आधी धरायची कशी ते शिकवतात, मग देतात.

सुरीची ही पद्धत लक्षात ठेवा, कारण कॅम्पचंही तंत्र तेच आहे.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एकदम तीन दिवस लांब नेत नाहीत. शाळेगणिक थोडा फरक असतो, पण पायऱ्या साधारण अशा. प्रेप-पहिलीची मुलं एके दिवशी शाळा सुटल्यावर थांबतात, शाळेतच जेवतात आणि अंधार पडल्यावर घरी जातात. दुसरीची मुलं शाळेच्या सभागृहात अंथरूण घालून एक रात्र झोपतात. तिसरी-चौथीत एक किंवा दोन रात्री बाहेर. पाचवी-सहावीत दोन ते चार. त्यातला एक मोठा दौरा पुष्कळ शाळा राजधानी कॅनबेराला काढतात. तिथं संसद, युद्धस्मारक आणि जुन्या संसदभवनातलं लोकशाहीचं संग्रहालय पाहिलं, तर लांबून येणाऱ्या शाळांना केंद्र सरकार प्रवासखर्चाचा काही भाग परत करतं. अकरा वर्षांच्या मुलानं आपल्या देशाची संसद डोळ्यांनी पाहावी, यासाठी सरकार पैसे मोजतं.

मुक्काम जवळ आला की शाळेत तयारीचे तास असतात. स्लीपिंग बॅग गुंडाळून पिशवीत कोंबणं हे सोपं काम नाही. वर्गात बाकं सरकवून मुलं बॅगेवर गुडघे टेकून हवा काढतात, गुंडाळतात, पुन्हा उघडतात. यादी घरी येते. प्रत्येक कपड्यावर नाव हवं, टोपी हवी, टॉर्च हवी, फोन नको. घरचं खाणंही नको. इथं आपल्या लोकांचा जीव अडकतो. बॅगेच्या कोपऱ्यात चिवड्याची पुडी सरकवायचा मोह कुणाला होत नाही? पण शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीनं काही मुलांचा श्वास मिनिटांत कोंडतो, जीवही जाऊ शकतो. व्हिक्टोरियात २००८ पासून यासाठी कायदा आहे. अशा प्रत्येक मुलाची उपचारयोजना आणि इंजेक्शन शाळेजवळ असावं लागतं. दाण्याचा कूट, चटणी, चिक्की यातलं काहीही कॅम्पला जाऊ शकत नाही. शाकाहारी आहे, अंडं चालत नाही, हे अर्जात लिहिलं की तसं जेवण मिळतं.

अर्ज म्हणाल तर तो लांबलचक असतो. दमा आहे का, झोपेत चालतो का, रात्री अंथरूण ओलं होतं का, पोहता येतं का आणि किती मीटर. शेवटच्या प्रश्नाला इथं वजन आहे. प्राथमिक शाळा सोडण्यापूर्वी मुलाला सलग ५० मीटर पोहता यावं आणि पाण्यातल्या धोक्यातून स्वतःला वाचवता यावं, असं राज्यानं ठरवलेलं आहे आणि त्यासाठी शाळाच मुलांना तलावावर नेतात. मुक्कामाच्या ठिकाणी दहा मुलांमागे किमान एक जबाबदार मोठं माणूस लागतं, दिवसाच्या साध्या सहलीला वीस मुलांमागे एक. मदतीला जाणाऱ्या पालकाला पोलिसांच्या नोंदी तपासून दिलेलं, मुलांसोबत काम करण्याचं प्रमाणपत्र मागतात. स्वयंसेवकांना ते फुकट मिळतं. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्याची सर्वांत वरची पातळी जाहीर झाली, तर त्या भागातली सहल रद्द. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत या राज्यात १७३ माणसं गेली. तो शनिवार इथं कुणी विसरलेलं नाही.

हे वाचून वाटेल, एवढी कटकट करण्यापेक्षा सहल नको. इथल्या शाळा मात्र हे सगळं करतात ते सहल निघावी म्हणून.

आता बॅलरॅटच्या एका सहलीबद्दल. मदतनीस पालक म्हणून यंदा पाचवी-सहावीच्या मुलांबरोबर मी गेले होते. मेलबर्नपासून ११५ किलोमीटरवरचं हे गाव. १८५१ मध्ये इथं सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं लोटली. व्हिक्टोरियाची वस्ती तेव्हा ७७ हजार होती, ती दहा वर्षांत ५ लाख ४० हजारांवर गेली. त्या काळची वसाहत गावातल्याच एका टेकडीवर पुन्हा उभी केली आहे. सॉव्हरिन हिल तिचं नाव, १९७० पासून ती लोकांसाठी खुली आहे. मातीचा रस्ता, घोडागाड्या, मेणबत्त्या ओतणारा कारागीर, लाल डगल्यातले शिपाई, साखरेच्या गोळ्या बनवणारं दुकान. काही शाळा मुलांना इथल्या १८५० च्या दशकातल्या वर्गांत दोन दिवस बसवतात. मुलं तेव्हाचे कपडे घालतात, टाक शाईत बुडवून लिहितात, कडक मास्तरांपुढं मान तुकवतात.

आमची मुलं एका दिवसासाठी आली होती आणि त्यांना सर्वांत जास्त ओढ ओढ्याची. तिथल्या वाळूत खरंच थोडं सोनं टाकलेलं असतं. पसरट थाळ्यात वाळू आणि पाणी घ्यायचं आणि आपल्याकडे तांदूळ रोळतात तसं गोल गोल हलवायचं. हलकी वाळू कडेवरून निसटते, जड ते तळाशी राहतं. बर्फासारख्या पाण्यात हात घालून माझ्या गटातली एक मुलगी अर्धा तास उकिडवी बसली होती. शेवटी थाळ्याच्या खाचेत टाचणीच्या टोकाएवढा पिवळा कण चमकला. तो तिनं ओल्या बोटावर उचलून कुपीतल्या पाण्यात सोडला, आणि मग मान वर करून विचारलं, "एवढ्यावर घर कसं चालत असेल?"

हा प्रश्न पडावा म्हणूनच तर तिला तिथं नेलं होतं. परतल्यावरचे दोन आठवडे वर्गात त्याचंच उत्तर शोधण्यात गेले. सोनं सापडो न सापडो, खाणकामगाराला परवान्यापोटी सुरुवातीला महिन्याला ३० शिलिंग भरावे लागत. शिपाई परवाने तपासत फिरत. मतदानाचा हक्क नव्हता. या रागातून बॅलरॅटमधल्याच युरेका इथं कुंपण उभारून बसलेल्या कामगारांवर ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैन्य चालून गेलं आणि किमान २२ कामगार मारले गेले. राजद्रोहाचे खटले चालले, पण एकालाही दोषी ठरवता आलं नाही. पुढच्याच वर्षी मासिक परवाना गेला, वर्षाला एका पौंडात हक्कपत्र आलं, त्याबरोबर मतही आलं.

शिक्षिका इथंच थांबल्या नाहीत, याचं मला विशेष वाटतं. त्याच १८५५ मध्ये व्हिक्टोरियानं जहाजानं येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसवला. तो चुकवायला जहाजं शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात रोब या बंदरात माणसं उतरवू लागली आणि तिथून ती शेकडो किलोमीटर चालत सोन्याच्या खाणींपर्यंत आली. हक्कासाठी लढलेल्या कामगारांपैकी अनेकांना हे चिनी शेजारी नको होते. ही गोष्ट शिक्षिकांनी अशा वर्गाला सांगितली, ज्यातल्या कित्येक मुलांचे आईबाप याच देशात बाहेरून आले आहेत. मग मुलांना त्या वाटेनं चालणाऱ्या एका चिनी मुलानं घरी पाठवलेलं पत्र लिहायला दिलं. भिंतीवर लावलेली ती पत्रं मी वाचली. बहुतेकांनी पायांतल्या फोडांबद्दल लिहिलं होतं. ही जमीन त्याआधी हजारो वर्षं वाडवुरुंग लोकांची होती, त्यांचं काय झालं, हा प्रश्नही मुलांनी तिथं गेल्या गेल्या ऐकलेला होता.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. सरकारी शाळेत शिक्षण फुकट असलं तरी कॅम्पचे पैसे पालकांनी भरायचे असतात. आमच्याकडे तीन दिवसांना साधारण चारशे डॉलर लागतात. दोन मुलं असतील तर ही रक्कम टोचते. सवलतीचं सरकारी कार्ड असलेल्या कुटुंबांना २०१५ पासून राज्याकडून मदत मिळते. प्राथमिकच्या मुलामागे वर्षाला १२५ डॉलरनं तिची सुरुवात झाली, पुढे ती वाढली. २०२५ च्या शालेय वर्षासाठी सरकारी शाळेतल्या प्रत्येक मुलामागे ४०० डॉलरचा एकदाचा बोनस मिळाला, तो गणवेशाला किंवा अशा उपक्रमांना वापरता आला. तरी तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बहुतेकांकडे सवलतीचं कार्ड नसतं, आणि त्यांत आपली मराठी कुटुंबंही आहेत. दुसरी अडचण शिक्षकांची. सरकारी शाळांच्या शिक्षकांशी झालेल्या २०२२ च्या करारानुसार कॅम्पवरच्या जादा तासांचा मोबदला किंवा बदली रजा त्यांना द्यावी लागते. ते न्याय्यच आहे. रात्री दोन वाजता रडणाऱ्या मुलाजवळ बसणं हे कामच आहे. पण पैशांचा मेळ बसेना म्हणून कित्येक शाळांनी रात्री कमी केल्या. सरकारनं हा खर्च पूर्ण उचलायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. मुक्काम हा शिक्षणाचा भाग असेल तर तो ऐपतीवर सोडता येणार नाही.

आपल्या लोकांची भीती मला कळते. पोर कधी आजीशिवाय झोपलेलं नसतं. त्यातही मुलींना मागे ठेवणारी घरं मला जास्त दिसतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. न जाणाऱ्या मुलांना त्या दिवसांत दुसऱ्या वर्गात बसवतात. मित्र परतल्यावर पुढे महिनाभर ज्या गोष्टी बोलतात, त्यांत त्या मुलीला जागा नसते.

महाराष्ट्रातही आता सहलींचा हंगाम येतोय. एसटी शैक्षणिक सहलींना निम्म्या भाड्यात गाड्या देते. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. जुलैमध्ये शिवनेरी, रायगड, राजगडासह १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत. बॅलरॅटवाल्यांना टेकडीवर जुनी वसाहत नव्यानं बांधावी लागली, आपल्याकडे सह्याद्री उभा आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि सहलच नको म्हणणारे मुख्याध्यापक वाढले, असं तिथल्या माझ्या शिक्षक मैत्रिणी सांगतात. ऑस्ट्रेलियातही डिसेंबर २०२१ मध्ये तास्मानियातल्या डेव्हनपोर्टला शाळेच्या मैदानावरच, वर्षाखेरच्या आनंदाच्या दिवशी, मुलांना उड्या मारायला हवा भरून उभा केलेला किल्ला वाऱ्यानं उडाला आणि सहा मुलं गेली. देश हादरला. शाळांनी मुलांना बाहेर नेणं थांबवलं नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या पालकांना माझी विनंती आहे. यंदा सहलीची चिठ्ठी आली की पैसे किती एवढंच विचारू नका. किती मुलांमागे किती मोठी माणसं आहेत, पाण्याजवळ जाणार असतील तर पोहता येणारं कोण आहे, जवळचा दवाखाना कुठे, आणि परतल्यावर वर्गात त्यावर काय करून घेणार, हे पालकसभेत उभं राहून विचारा. उत्तरं नीट मिळाली तर मुलीलाही पाठवा. आणि इथल्या मराठी घरांना सांगते, आमच्या शाळेच्या कॅम्पचे अर्ज सत्र सुरू झाल्यावर पहिल्या शुक्रवारपर्यंतच घेतले जाणार आहेत.