कॉम्प्युटर असेंबल केला, पण बटण दाबूनही सुरू होत नाही? आधी कॅबिनेटच्या या वायरी तपासा

मसुरे (ता. मालवण) : प्रोसेसर बसवला, रॅम लावली, एसएमपीएस जोडला. सगळे जागेवर आहे, पण कॅबिनेटचे बटण दाबले की काहीच होत नाही. ना पंखा फिरत, ना दिवा लागत. अशा वेळी पहिला संशय मदरबोर्डवर जातो. प्रत्यक्षात अनेकदा बोर्ड ठणठणीत असतो आणि बटणाची दोन तारांची बारीक वायर चुकीच्या पिनांवर बसलेली असते.

शहरात ही चूक दुकानात दहा मिनिटांत सुटते. मसुरेसारख्या गावात मात्र सुटे भाग पार्सलने येतात किंवा मुंबईहून येणारा चाकरमानी घेऊन येतो. बोर्ड परत पाठवायचा तर पुन्हा पॅकिंग, कुरिअर आणि कित्येक दिवसांची वाट. म्हणूनच ‘बोर्ड खराब आहे’ असे ठरवण्याआधी कॅबिनेटच्या वायरी तपासायला हव्यात. त्या कशा जोडायच्या, ते समजून घेऊया.

कॅबिनेटमधून कोणत्या वायरी येतात?

साधारण चार प्रकारच्या. बटणे आणि दिव्यांच्या बारीक वायरी, यूएसबीच्या वायरी, हेडफोन-माइकची ऑडिओ वायर आणि पंख्यांच्या वायरी. काही कॅबिनेटमध्ये रंगीत दिव्यांची वायरही असते. प्लगवर नाव छापलेले असते आणि तेच किंवा तशाच अर्थाचे नाव मदरबोर्डवर पिनांच्या शेजारी असते. अक्षरे बारीक असतात, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च हाताशी ठेवावा किंवा फोटो काढून तो मोठा करून पाहावा.

सर्वाधिक गोंधळ कुठे होतो?

‘फ्रंट पॅनल’ या पिनांच्या गटात. तो बहुतेक बोर्डांवर खालच्या उजव्या कोपऱ्यात असतो. अनेक बोर्डांवर इथे नऊ पिना असतात. एका ओळीत पाच, दुसरीत चार आणि एक कोपरा रिकामा. मोजणी रिकाम्या कोपऱ्याच्या विरुद्ध टोकापासून सुरू करायची.

• चार पिनांची ओळ : पहिल्या दोन पॉवरच्या दिव्यासाठी, पुढच्या दोन पॉवरच्या बटणासाठी.

• पाच पिनांची ओळ : पहिल्या दोन हार्ड डिस्कच्या दिव्यासाठी, पुढच्या दोन रीसेट बटणासाठी. शेवटची पिन मोकळी सोडायची.

काही बोर्डांवर पिना जास्त असतात आणि मांडणी वेगळी असते. ब्रँडेड तयार कॉम्प्युटरमध्येही फरक असतो. त्यामुळे मॅन्युअलमधील आकृती पाहणे उत्तम. छापील पुस्तिका नसेल, तर मॉडेल क्रमांक टाकून ती कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

वायर उलटी बसली तर जळते का?

बटणाच्या बाबतीत नाही. पॉवरचे बटण फक्त दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडते. त्यामुळे त्याचा प्लग कोणत्याही बाजूने बसवला तरी चालतो. रीसेटचेही तसेच.

दिव्यांचे मात्र वेगळे आहे. एलईडीमधून वीज एकाच दिशेने जाते. प्लग उलटा बसला तर दिवा लागत नाही, पण नुकसान होत नाही. प्लग फिरवून पुन्हा लावला की काम होते. प्लगवर छोटा त्रिकोण असेल, तर ती बाजू सहसा पॉझिटिव्हची असते. काळी किंवा पांढरी तार बहुधा निगेटिव्हची असते.

मग खरा धोका कुठे आहे?

तीन ठिकाणी जपावे लागते.

१. यूएसबी ३.० : या जाड प्लगखाली १९ नाजूक पिना असतात. प्लगवरची खाच जुळवून तो सरळ दाबावा. तिरका रेटला की पिना वाकतात आणि अशा नुकसानीला सहसा वॉरंटी मिळत नाही. काढतानाही केबल ओढू नये, प्लगलाच धरावे.

२. यूएसबी २.० आणि ऑडिओ : दोन्हींना नऊ पिना असतात, म्हणून ते सारखेच दिसतात. यूएसबीत कोपऱ्यातली पिन नसते. ऑडिओत टोकापासून दुसरी पिन नसते. प्लगमधले बंद छिद्र त्या रिकाम्या जागी आले पाहिजे. बसत नसेल तर जोर लावू नये, जागा चुकलेली असते.

३. रंगीत दिवे : तीन पिनांचे दिवे ५ व्होल्टचे, तर चार पिनांचे १२ व्होल्टचे असतात. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टवर लावली तर ती जळू शकते.

बोर्ड चांगला आहे का, हे कसे ओळखायचे?

सोपी युक्ती अशी : रीसेटची वायर काढून पॉवर बटणाच्या दोन पिनांवर लावायची आणि रीसेटचे बटण दाबायचे. कॉम्प्युटर सुरू झाला तर बोर्ड वीज घेतो आहे. दोष पॉवरच्या बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. नवे कॅबिनेट मिळेपर्यंत रीसेटच्याच बटणाने काम चालवता येते.

तरीही सुरू झाला नाही, तर एसएमपीएसच्या मागचा स्विच, बोर्डाचा २४ पिनांचा मोठा प्लग आणि प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा प्लग तपासावा. यातला एखादा अर्धवट बसलेला असणे ही नेहमीची गोष्ट आहे. एवढे करूनही हालचाल नसेल, तरच एसएमपीएस किंवा बोर्ड बदलण्याचा विचार करावा.

वायरी जोडताना काय काळजी घ्यावी?

कॉम्प्युटर बंद असला तरी प्लग भिंतीत असेपर्यंत आणि एसएमपीएसचा स्विच चालू असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्टचा पुरवठा चालू राहतो. त्यामुळे प्रत्येक बदलाआधी प्लग काढावा आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. किनाऱ्यावरच्या दमट हवेत अंगावर स्थिर वीज कमी साठते, पण साठतच नाही असे नाही. बोर्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा.

खारी, दमट हवा पिनांना गंज आणते. काम अर्धवट राहिले तर बोर्ड त्याच्या मूळ पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की नुसता स्विच बंद करून थांबू नये, प्लगच काढून ठेवावा.