'बर्नाबासची इंजील' पुरावा म्हणून दाखवण्याआधी

नवापूर भागात आपले ख्रिस्ती शेजारी बरेच आहेत. गप्पांत दीनचा विषय निघाला की आपल्यातला एखादा तरुण मोबाईल पुढे करतो. "बघा, बर्नाबासच्या इंजीलमध्ये आमच्या नबींचं (स.) नाव आहे!" हा पुरावा टिकतो का, हे आपणच आधी तपासायला हवे.

बर्नाबास हे पहिल्या शतकातले. पण त्यांच्या नावाच्या या पुस्तकाची इटालियन हस्तप्रत व्हिएन्नात आहे, ती सुमारे सोळाव्या शतकाची. पुस्तकात ज्युबिलीचे वर्ष दर १०० वर्षांनी येते असे लिहिले आहे. तौरातमध्ये ते ५० वर्षांनी येते. १०० वर्षांची प्रथा पोप बोनिफेस आठवे यांनी इ.स. १३०० मध्ये सुरू केली. मग पहिल्या शतकातल्या माणसाला ती कशी ठाऊक? याच पुस्तकात नाझरेथला जहाजाने जातात. ते गाव तर डोंगरात आहे.

सर्वांत मोठी गोष्ट पुढे आहे. या पुस्तकात हजरत ईसा (अलै.) आपण मसीह नसल्याचे सांगतात. कुरआन तर त्यांना स्पष्टपणे मसीह म्हणतो! म्हणजे हे पुस्तक आपल्याच अकीद्याच्या विरोधात जाते.

दुसऱ्याच्या नावावर लिहिण्याचा हा प्रकार जुना आहे. टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने इ.स. २०० च्या सुमारास एक हकीकत नोंदवली आहे. आशिया प्रांतातल्या एका धर्मगुरूने पौलाच्या नावावर लिखाण केले. पकडल्यावर म्हणाला, पौलावरच्या प्रेमापोटी केले. त्याला पद सोडावे लागले.

हसण्याआधी आपल्याकडेही पाहू. नूह बिन अबी मरयम यांनी सूरतींच्या फजीलतीच्या हदीसी रचल्या. लोक कुरआनपासून दूर चालले म्हणून सवाबच्या नियतीने रचल्या, असे त्यांनी कबूल केल्याचे हदीसशास्त्रात शिकवतात. मुहद्दिसांनी नियत पाहिली नाही, रिवायत नाकारली. नबींच्या (स.) नावावर जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्याचे ठिकाण जहन्नम, हा इशारा त्यांच्यापुढे होता.

आज घरोघरी व्हॉट्सॲपवर 'हदीस' येते आणि आपण सवाब समजून पुढे ढकलतो. सूरह हुजुरातच्या ६ व्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे. तेव्हा किताबचे नाव आणि हदीसचा क्रमांक विचारा, जवळच्या आलिमला दाखवा. पक्के होईपर्यंत पुढे पाठवू नका. मुलांनाही घरात हीच सवय लावू या. खऱ्या दीनला खोट्या पुराव्याची गरज नाही.