चालावं की बसावं?

पाठ कधी दुखली नाही असा गृहस्थ सापडणे कठीण. ओझे उचलले, उसण भरली, चार दिवस शेकले, संपले. आपल्याकडे अशा वेळी पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेण्याची चाल आहे. साध्या उसणीत ती खपून जाते, कारण उसण आपली आपणच जायची असते. परंतु ज्याचे मणके एकमेकांना जुळू लागले आहेत, त्याच्या पाठीवर लाथ बसणे म्हणजे हाड मोडून घेणे. तेव्हा दुखणे कोणते, हे आधी पाहायला हवे.

मणक्यांच्या या संधिवाताला डॉक्टर ‘अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस’ म्हणतात. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच इथे सांध्यांवर उलटते. राखणदारानेच घर फोडावे, तसा प्रकार. तिथे दाह होतो आणि हळूहळू नको त्या जागी नवे हाड धरते. वर्षानुवर्षे हे चालले म्हणजे काहींचा कणा काठीसारखा ताठ होतो. सुरुवात बहुधा चाळिशीच्या आत. ‘एचएलए-बी२७’ नावाच्या जनुकाशी याचे नाते असल्याचे १९७३ साली दिसून आले; मात्र ते जनुक असणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही, म्हणून तेवढ्या एका तपासणीने घाबरू नये. खरी खूण वेगळीच. उत्तररात्री पाठ जागे करते, सकाळी कंबर लाकूड झालेली असते आणि हिंडू-फिरू लागले की सैल पडते. विश्रांतीने वाढणारे दुखणे हे!

आता दुसरे. कण्याच्या आत एक पोकळ नळी आहे. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो. खाली नसांचा नुसता झुबका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. आजूबाजूचे हाड नि अस्थिबंध जाड झाले की काही रोग्यांची ही नळी अरुंद होते. मग थोडे चालले की पाय जड होतात, मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात. बसले किंवा पुढे वाकले की आराम! वेर्बिस्ट या डच शस्त्रवैद्याने १९५४ साली या लक्षणांची नीट मांडणी केली. वाकल्याने नळी जराशी रुंदावते, ताठ उभे राहिल्याने आवळते. म्हणून असा माणूस चढ चढतो आणि उतारावर रडकुंडीला येतो. सायकल मारतो, पण शंभर पावले चालवत नाही. शेजारीपाजारी म्हणतात, सोंग आहे. सोंग नव्हे हो, ती नळीची करामत आहे.

एक दुखणे म्हणते, चाल, ताठ राहा. दुसरे म्हणते, बैस, वाक. मला दोन्ही आहेत, आणि धंदा वर्गात उभे राहण्याचा! मी चालणे तोडून टाकले आहे: पाय बधिर होण्यापूर्वीच बसायचे, दोन मिनिटांनी पुन्हा निघायचे. वर्गात एक उंच स्टूल ठेवले आहे. सकाळी आधी अंग ताणायचे, मग चहा. झोपताना उशी पातळ. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांचा कणा लवकर बिघडतो, एवढे सांगून पुढे जातो.

दाह शमवणाऱ्या गोळ्या पुष्कळांना पुरतात. न पुरल्यास जैविक औषधांची इंजेक्शने आहेत. ती देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात, कारण अंगात निजलेला क्षय त्यांनी जागा होऊ शकतो. आपल्या देशात ही तपासणी टाळून मुळीच चालणार नाही. पण औषध दाह आवरते, वाढलेले हाड विरघळवत नाही. नळी फारच आवळली असेल तर शस्त्रक्रियेने ती मोकळी करावी लागते.

लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागेची संवेदना गेली, पाय लुळा पडू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच मोठे रुग्णालय गाठा. जुळलेला कणा साध्या घसरण्यानेही मोडतो. पडल्यावर नवी कळ आली तर उचलणाऱ्यांना आधी सांगा, की याचा कणा जुळलेला आहे. मान-पाठ नेहमी जशी वाकलेली असते तशीच उशांनी आधार देऊन न्या, दाबून सरळ करू नका.