दोन व्होल्टेजच्या सीमेवरचे रोधक

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ३.३ व्होल्टचे संकेत वापरतो, तर अर्डुइनो उनो ५ व्होल्टचे. दोघांना थेट जोडले तर ५ व्होल्टच्या दाबाने रास्पबेरी पायची चिप निकामी होऊ शकते. म्हणून मध्ये ‘लेव्हल शिफ्टर’ बसवतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ही पाटी बाजारातून आणून जोडतात. आणि घरी सुरळीत चाललेला प्रकल्प परीक्षकांसमोर भलतेच आकडे दाखवू लागतो. दोष प्रोग्रॅममध्ये शोधला जातो. पुष्कळदा तो असतो नगण्य किमतीच्या रोधकांमध्ये.

सेन्सर जोडण्यासाठी फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये विकसित केलेली ‘आय-टू-सी’ पद्धत सर्रास वापरली जाते. तिच्यात कोणतेही उपकरण तारेवरील व्होल्टेज वर ढकलत नाही. ते फक्त खाली, शून्याकडे खेचते. खेचणे थांबले की तार वर आणण्याचे काम ‘पुल-अप’ रोधक करतो. मॉसफेटवर आधारलेल्या साध्या शिफ्टरच्या दोन्ही बाजूंना असा रोधक लागतो, आणि प्रत्येकाने आपापल्या बाजूच्या व्होल्टेजलाच जोडलेले असावे लागते. ३.३ व्होल्टच्या बाजूचा रोधक चुकून ५ व्होल्टला जोडला, तर शिफ्टर बसवण्याचा हेतूच फसतो.

खरी गफलत मोजणीत होते. तार खाली खेचणाऱ्या उपकरणाला शिफ्टरमधून पलीकडच्या बाजूचा प्रवाहही सोसावा लागतो. मानकानुसार सर्वसाधारण उपकरणाकडून ३ मिलिअँपिअरची हमी असते. रास्पबेरी पायवरील १.८ किलोओहमचा रोधक १.६ मिलिअँपिअर घेतो. शिफ्टरच्या पाटीवर दोन्ही बाजूंना १० किलोओहमचे रोधक असतील, तर त्यांचे मिळून सुमारे पाऊण. त्यात ५ व्होल्टच्या बाजूला ४.७ किलोओहमचा रोधक असलेला एकच सेन्सर जोडला, की बेरीज ३.३ वर जाते. मर्यादा ओलांडली गेली, आणि तीही कोणी एकही रोधक हाताने न लावता!

रोधक फार मोठा असूनही भागत नाही. तारेची धारिता २०० पिकोफॅरड असेल तर १० किलोओहमच्या रोधकाने संकेत वर यायला सुमारे १.७ मायक्रोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झच्या वेगाला मुभा आहे एका मायक्रोसेकंदाची.

दिशा आपोआप ओळखणाऱ्या ‘टीएक्सबी ०१०८’ या चिपचा न्याय मात्र निराळा. तिच्या आउटपुटमागे अंदाजे ४ किलोओहमचा रोध असतो. तेथे ३.३ व्होल्टला ४.७ किलोओहमचा पुल-अप जोडला, तर ‘शून्य’ दीड व्होल्टवर लटकते. धड शून्य नाही, धड एक नाही. म्हणून बाहेरचा रोधक ५० किलोओहमहून मोठा असावा, असे निर्मात्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे सांगणे आहे. आय-टू-सीसाठी ही चिप निवडूच नये, हे उत्तम.

वेगवान संकेतांच्या तारेत परावर्तन टाळण्यासाठी लावला जाणारा २२ ते ३३ ओहमचा रोधक हा आणखी वेगळा प्रकार. तो उगमाशी हवा. जोरकस आउटपुट असलेला, एकाच दिशेचा शिफ्टर मध्ये आला, की पुढच्या तारेचा उगम तोच ठरतो. साहजिकच रोधक त्याच्या आउटपुट पिनेला खेटून बसवावा, मूळ प्रोसेसरपाशी नव्हे.