कुदळीला लागलेले शिल्प

पवनारला धाम नदीच्या काठावर, विनोबा भावे यांच्या ब्रह्मविद्या मंदिर या आश्रमाच्या बागेत निंदण चालले होते. पावसाने उघडीप दिली की विदर्भात प्रत्येक वावरात हेच काम निघते. इथे मात्र बैल नाही, डवरा नाही. आश्रमातल्या एक ताई उकिडव्या बसून विळ्याचे टोक तणाच्या बुडाशी घालतात, माती सैल करतात आणि डाव्या हाताने तण उपसून झटकतात. माती वाफ्यातच पडली पाहिजे, तण बांधावर. काळी जमीन ओली असली तर पायाला चिखलाचे जोडे चढतात, फार वाळली तर विळा टणकन वाजतो. मधले थोडे दिवस तेवढे कामाचे.

या जमिनीत विळ्याला किंवा कुदळीला काय लागेल याचा नेम नसतो. विनोबा ७ मार्च १९३८ रोजी इथे आले तेव्हा प्रकृती पार खालावलेली होती. लोक थंड हवेची ठिकाणे सुचवत होते. ते जमनालाल बजाजांच्या टेकाडावरच्या बंगल्यात येऊन राहिले आणि औषध म्हणून खणायला लागले. आधी जेमतेम काही मिनिटे, मग रोज थोडे वाढवत. त्या खणण्यातच राम-भरत भेटीचा शिल्पपट वर आला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या बाराव्या अध्यायावर बोलताना, तपाने इतके सारखे झालेले हे दोघे भाऊ कुणी चित्रात काढावेत, असे विनोबा म्हणाले होते. त्यांनी तो दगड देव म्हणून घेतला यात नवल नाही. आज भरत-राम मंदिरात त्याची पूजा होते.

जवळ जाऊन पाहिले तर कडा झिजलेल्या आहेत, चेहऱ्यांवरचे बारकावे पुसट झाले आहेत, पण अंगांचा कल अजून बोलतो. पाचव्या शतकाच्या आसपासचे, वाकाटकांच्या काळातले हे काम. अशी आणखीही शिल्पे आश्रमाच्या आवारात आहेत. संग्रहालयात ती काचेआड गेली असती. इथे ती रोजच्या वावरातली आहेत, माणसे त्यांच्या शेजारून पाण्याच्या बादल्या घेऊन जातात. हे मला आवडते, आणि खुपतेही. कुदळीने खणताना दगड हाती येतो, पण तो किती खोल होता, कोणत्या थरात होता, आजूबाजूला कसली खापरे होती, हे सगळे त्याच फटक्यात विस्कटते. मग मूर्ती उरते आणि तिचा पत्ता हरवतो. काही पटांवर नेमका कुठला प्रसंग आहे याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही, आणि अशा वेळी तो पत्ता फार उपयोगी पडला असता.

तरी एक गोष्ट कुदळीच्या बाजूने सांगायला हवी. ती माणसाच्या हातात असते, दगड लागला की हाताला कळते आणि हात थांबतो. १९५१ साली तेलंगणात पायी निघण्याआधी विनोबांनी इथे ऋषिशेतीचा प्रयोग चालवला होता. बैलांची मदत घ्यायची नाही, रहाटसुद्धा माणसांनीच फिरवायचा, पैशावाचून जगून पाहायचे. शेतीशास्त्र म्हणून तो कितपत टिकला असता, मला शंका आहे. पण नांगराच्या फाळाने जे शिल्प फुटले असते, ते अशा संथ शेतीत वाचण्याची शक्यता अधिक, एवढे खरे.

रीतसर उत्खनन झाले ते १९६७ साली. नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी गावात खड्डे घेतले, आणि तिथे मात्र थर मोजले गेले. त्याआधीच वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असे मांडले होते. पुढे रामटेकजवळच्या मनसरला विटांची मोठी बांधकामे सापडली आणि प्रवरपूर तिकडे असावे असे काहीजण म्हणू लागले. पवनारची बाजू आणखी तपासायची तर गावाखालीच खणावे लागेल, आणि त्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवर, आज घरे आहेत, माणसे नांदत आहेत.